नागपुरात घरी जळण कापायला आणि कडुनिंब छाटायला कोणता चेनसॉ घ्यावा?

अंगणातला कडुनिंब आणि हिवाळ्यात बंबापुरतं जळण एवढंच काम असेल, तर पेट्रोलच्या मागे लागू नका. विजेवरचा, 14 ते 16 इंची बारचा (ज्या पट्टीभोवती साखळी फिरते, तो बार) पुरतो. पेट्रोलवाला महिनोन्महिने पडून राहिला की कार्बोरेटर चोंदतो. वीज नसलेल्या शेतावर मात्र तोच घ्या.

खरं लक्ष साखळीकडे द्या. लाकडाच्या ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की दात बोथटले समजा. वाळलेली बाभूळ धार फार लवकर खाते. चेन ऑइल संपू देऊ नका.

बारच्या टोकाने कधीच कापू नका, यंत्र उसळून थेट तोंडाकडे येतं. शिडीवर चढून तर अजिबात नाही! उंच फांद्यांना लांब दांड्याची करवत बरी. झाडच तोडायचं असेल, तर आधी महापालिकेची परवानगी काढा.