‘काहीच खाईना बघा’ : दुधानंच पोट भरलेलं बाळ

मुलांच्या बाह्यरुग्ण विभागात समुपदेशनाला पाठवलेल्या आया ताप-खोकल्यापेक्षा एका गोष्टीनं जास्त हैराण झालेल्या असतात. “पोरगं काहीच खाईना बघा. भुकेचं एखादं टॉनिक लिहून द्या की.” खाली दिलेलं प्रकरण सोलापुरातल्या अशा अनेक घरांचं मिळून एक केलेलं आहे, म्हणजे कुणाची ओळख पटणार नाही.

मुलगा वीस महिन्यांचा. वडील यंत्रमागावर, आई घरी बसून विड्या वळते, दिवसभर बाळाकडे बघते ती आज्जी. वजन ९.४ किलो, दंडाचा घेर १३.१ सेंटिमीटर. दोन्ही आकडे एकेकटे पाहिले तर कुपोषणात बसत नाहीत. पण माता-बाल संरक्षण कार्डावरचे ठिपके जोडून पाहिले तेव्हा चित्र बदललं. पहिल्या वाढदिवसाला वजन ८.६ होतं, म्हणजे पुढच्या आठ महिन्यांत जेमतेम ८०० ग्रॅम. या वयात मुलगा साधारण दीड किलोच्या पुढे वाढतो. रेषा आडवी होत चालली होती. पापणीची आतली बाजू फिकी, आणि आई सहज बोलून गेली की हा भिंतीचा रंग चाटतो, माती तोंडात घालतो. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६, तांबड्या पेशी लहान आणि फिकट. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत ७ ते ९.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय.

“काय काय खातो?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: काहीच नाही. म्हणून प्रश्न बदलावा लागतो. काल सकाळी डोळे उघडल्यापासून आज सकाळपर्यंत तोंडात काय काय गेलं ते वेळेसकट सांगा. पाण्याचा घोटसुद्धा सोडू नका. आईनं सुरुवात केली, मधल्या जागा आज्जींनी भरल्या.

उठल्या उठल्या बाटलीभर दूध, साखर घालून. आठ वाजता आज्जींच्या कपातला चहा आणि चार बिस्किटं. दहाला बाटली. दुपारी वरण-भात, मोबाईल दाखवत, गल्लीभर मागे फिरून, तीन-चार घास. झोपताना बाटली. चारला पुन्हा चहा आणि चार बिस्किटं. संध्याकाळी रडला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट. रात्री भाकरीचे दोन घास, मग बाटली. मध्यरात्री कुरकुरला की आणखी एक.

बाटलीत दर वेळी साधारण २०० मिलीलीटर, म्हणजे पाच बाटल्यांचं एक लीटर. पिशवीतल्या गाईच्या दुधाच्या १०० मिलीलीटरमध्ये ६५ किलोकॅलरीच्या आसपास धरल्या तर दुधाच्याच ६५० होतात. पाच चमचे साखरेच्या १००, आठ बिस्किटांच्या २००. झाले ९५०. या वयाच्या मुलाला दिवसाला लागतात साधारण १,०००. पाकीट तर अजून धरलंच नाही. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा आई बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. पोरगं खात नव्हतं हे खोटं. त्याचं पोट भरलेलं होतं, आणि भरल्या पोटावर कुणी भाकरी खात नाही.

दुसरा हिशेब लोहाचा. या वयाला रोज सुमारे ८ मिलीग्रॅम लोह अन्नातून मिळायला हवं. एक लीटर दुधात ते अर्धा मिलीग्रॅमही धड नसतं. वर दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं दुसऱ्या अन्नातलं लोह आतड्यात शोषू देत नाहीत, चहातलं टॅनिन तेच करतं. लोह कमी झालं की भूक आणखी मरते, मूल चिडचिडं होतं, माती-खडू खायला लागतं. जेवत नाही म्हणून घरचे दुधाची बाटली वाढवतात, आणि दुधानं जेवण आणखी मागं पडतं. या मुलाला तीन दिवसांतून एकदा, तीही खड्यासारखी शी होत होती. नुसत्या दुधावरच्या मुलांत हे नेहमी दिसतं, आणि तटलेलं पोटही भूक मारतं.

टॉनिकचं काय? भूक वाढवण्यासाठी दिली जाणारी बरीच औषधं सायप्रोहेप्टाडिनची असतात. हे मुळात ॲलर्जीचं औषध. त्यानं मूल पेंगतं, चार घास जास्त खातं, आणि औषधाची बाटली संपली की गाडी पहिल्या जागी येते. इथं त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

खरी अडचण आज्जींची होती, आणि ती प्रेमापोटीच होती. “दूध बंद केलं तर पोरगं वाळून जाईल की ओ!” त्यांना चुकीचं ठरवून काही साधत नाही, कारण घरी गेल्यावर बाळ त्यांच्याच मांडीवर असतं. म्हणून आधी हे सांगितलं की दूध बंद करायचं नाही. दिवसाला ४०० मिलीलीटर ठेवायचं, दोन वेळा, जेवण झाल्यावर आणि कपातून. एवढ्यात कॅल्शियमची गरज बऱ्यापैकी भागते. मग त्यांनाच विचारलं, “आज्जी, तुमची पोरं या वयाची असताना काय खायची?” आमटीत कुस्करलेली भाकरी, हुलग्याचं पिठलं, शेंगदाण्याचं कूट, सगळं त्यांच्याच तोंडून आलं. मंगळवेढ्याची ज्वारी घराघरांत येते आणि बाळाच्या हातात मात्र मैद्याचं बिस्कीट असतं, हे शहरात सर्रास दिसतं.

बाटल्या एका दिवसात तोडायच्या नाहीत. पहिल्या दोन दिवसांत फक्त साखर काढली. मग मध्यरात्रीची बाटली दर दोन रात्रींनी ३० मिलीलीटरनं कमी केली आणि शेवटी तिच्या जागी पाणी. त्यानंतर सकाळी दहाची, मग दुपारी झोपतानाची. नुसत्या मध्यरात्रीच्या बाटलीलाच दोन आठवडे जातात. उरलेलं दूध स्टीलच्या पेल्यातून द्यायचं; सांडेल, सांडू द्यावं. तोंडात बाटली धरून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात किडतात, याच्याही दातांवर पांढरट पट्टे दिसायला लागले होते. चहा आणि बिस्किटं मात्र पहिल्या दिवसापासून बंद.

जेवणाच्या वेळा पाच ठरवल्या: तीन जेवणं, दोन छोटे खाऊ, मध्ये अडीच-तीन तासांचं अंतर. त्या अंतरात पाण्याशिवाय काही नाही. हा नियम सगळ्यांत सोपा वाटतो आणि सगळ्यांत जास्त मोडतो तोच, कारण एक बिस्कीट म्हणजेही खाणंच असं घरात कुणालाच वाटत नसतं. ताट घरातल्यांबरोबर मांडायचं, मोबाईल बाजूला, आणि बाळानं स्वतःच्या हातानं चिवडलं तरी चालेल. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करायची, संपलं तर आणखी वाढायचं. या वयाला एका जेवणाला पाऊण ते एक वाटी पुरते, वाटी २५० मिलीलीटरची धरून. वीस-पंचवीस मिनिटांत उचलायचं, खाल्लेलं असो वा नसो. काय आणि कधी वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं ते त्यानं. नाक दाबून भरवलेला घास बहुतेक वेळा उलटीत परत येतो आणि पुढच्या वेळी चमचा दिसला तरी मूल तोंड फिरवतं.

वाटीत काय? अर्धी ज्वारीची भाकरी घट्ट आमटीत कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप आणि लिंबाचे चार थेंब. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलीग्रॅम लोह असतं, पण धान्यातलं लोह शरीर थोडंच घेतं. लिंबातलं क जीवनसत्त्व ते घ्यायला मदत करतं. शेंगाची चटणी हवीच असेल तर मिरची न घालता, बारीक कूट करून. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांपर्यंत नकोत, श्वासनलिकेत अडकतात. रोज एक उकडलेलं अंडं. हे घर मांसाहारी, म्हणून आठवड्यातून एकदा थोडी कोंबडीची कलेजी, पूर्ण शिजवून. मेथी किंवा शेवग्याचा पाला डाळीत शिजवून घोटायचा. विडी वळून उठलेल्या आईनं भरवण्याआधी साबणानं हात धुवायचे, आणि तंबाखूचं सूप बाळाच्या हाताला लागणार नाही असं उंचावर ठेवायचं. लहान मुलाच्या पोटात गेलेली थोडी तंबाखूही विषारी ठरते.

नुसत्या आहारानं ८.६ चं हिमोग्लोबिन वेळेत भरून येत नाही, लोहाचं औषध लागतंच. डॉक्टरांनी वजनाला किलोमागे ३ मिलीग्रॅम, म्हणजे रोज साधारण २८ मिलीग्रॅम लोह दिलं. प्रत्येक कंपनीच्या बाटलीत प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे शेजारणीच्या बाळाचे “पाच मिली” आपल्या बाळाला लागू होत नाहीत. औषध दोन खाण्यांच्या मध्ये, ड्रॉपरनं जिभेच्या मागच्या बाजूला, वर लिंबू-पाणी. दुधात मिसळलं तर बरंचसं वाया जातं. हा घोटाळा घरोघर चालतो. शी काळी झाली की बरेच जण घाबरून औषध बंद करतात. काळी होणारच, औषध पोटात जात असल्याची ती खूण आहे. बाटली कुलपात ठेवा. गोड लागतं म्हणून मुलानं सगळी पिऊन टाकली तर लोहाची विषबाधा जिवावर बेतू शकते. तसं झालं तर घरगुती उपाय न करता सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं.

जंताच्या गोळीचीही चौकशी केली. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलीग्रॅम, कुटून पाण्यात देतात. फेब्रुवारीतल्या जंतनाशक दिनाला अंगणवाडीत ती चुकली होती, ती दिली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी घर हमखास कोलमडतं, आणि इथंही तेच झालं. पोरगं रात्री तासभर रडलं, शेजारून विचारणा झाली, आज्जींनी बिस्कीट काढलं. हे आधीच सांगून ठेवलेलं असलं की आई फोन करते. नाहीतर ती गुपचूप जुन्या वळणावर जाते आणि पुढच्या भेटीला “सगळं केलं, फरक नाही” म्हणते. रडणं भुकेचं असेल तर पुढच्या जेवणाची वेळ अर्धा तास अलीकडे घ्यायची. बिस्कीट मात्र द्यायचं नाही, कारण तासभर रडलं की मिळतं हे मूल एका रात्रीत शिकतं.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.९, वजन ९.७. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅमनं वाढलं की औषध लागू पडतंय असं धरतात. वाढलं नसतं तर आधी औषध खरंच जातंय का ते पाहिलं असतं, आणि मग थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी. भिंत चाटणं त्याआधीच थांबलं होतं. तीन महिन्यांनी ११.२ आणि १०.४ किलो. तरी औषध तिथंच बंद केलं नाही. अंगातला साठा भरायला आणखी दोन महिने दिलं. त्यानंतर आशाताई किंवा अंगणवाडीतून मिळणारा आठवड्यातून दोनदा १ मिलीलीटरचा लोहाचा डोस पाच वर्षांपर्यंत.

हेच वाचून ज्यांच्या बाळाची रेषा कार्डावर नीट वर जाते आहे, रक्त ठीक आहे, पण पहिल्या वाढदिवसानंतर खाणं कमी झालंय, त्यांनी काही करू नये. पहिल्या वर्षात बाळ सहा-सात किलो वाढतं, दुसऱ्यात दोन-अडीच. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. दर महिन्याला एकदा वजन, तेही त्याच काट्यावर, एवढं पुरे.

पण वजन उतरत असेल, गिळताना ठसका लागत असेल, वारंवार उलट्या किंवा दोन आठवड्यांपेक्षा जास्त जुलाब चालू असतील, दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल, पावलांवर सूज असेल किंवा दूध पिताना धाप लागून कपाळावर घाम येत असेल, तर जेवणाचं वेळापत्रक आखत बसू नये. त्या मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासायला हवं.