कायद्याचा प्राध्यापक राष्ट्राध्यक्ष म्हणून यशस्वी होतो का? हंगेरीच्या लास्लो शोयोम यांच्याविषयी काय वाटते?

शोयोम यांचे नाव दिसले म्हणून लिहितो आहे. एरवी मी असल्या प्रश्नांच्या वाटेला जात नाही.

२००६ मध्ये माझ्या एलएल.एम.च्या प्रबंधात मृत्युदंडावर एक प्रकरण होते. १९९० मध्ये हंगेरीच्या घटना न्यायालयाने फाशीची शिक्षा घटनाबाह्य ठरवली, तेव्हा न्यायालयाचे अध्यक्ष असलेल्या शोयोम यांनी स्वतंत्र मतात ‘अदृश्य घटना’ ही कल्पना मांडली : तात्कालिक राजकीय सोयीसाठी लिखित घटना वारंवार बदलली जात असताना न्यायालयाच्या निकालांतून घडत जाणारी तत्त्वे तिच्याही वरचा मापदंड ठरतात. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी नेमके तेच पान उघडले, ‘अदृश्य’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारले, “जी दिसतच नाही, ती घटना तुम्ही न्यायाधीशांना दाखवणार कशी?” सगळे हसले. घटनेची मूलभूत चौकट तरी कोणत्या अनुच्छेदात लिहिलेली आहे, असे मी ही चौकट मांडणाऱ्या आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या केशवानंद भारती खटल्याचा आधार घेऊन विचारले, तेव्हा प्रबंध मिटवत ते म्हणाले की अशी माणसे वर्गातच शोभतात, खुर्चीवर बसवली की कोलमडतात.

शोयोम तेव्हा राष्ट्राध्यक्ष होऊन जेमतेम वर्ष होत होते. संसदेत तिसऱ्या फेरीत १८५ विरुद्ध १८२ अशा निसटत्या मतांनी ते निवडून आले होते आणि तरीही ते कोणाचे मिंधे झाले नाहीत. २००७ मध्ये पंतप्रधानांची शिफारस असूनही त्यांनी माजी पंतप्रधान ज्युला होर्न यांना सन्मान देण्यास नकार दिला, कारण हंगेरीतील १९५६ च्या सोव्हिएतविरोधी उठावाविषयी होर्न यांची भूमिका त्यांना मान्य नव्हती. २००९ मध्ये स्लोव्हाकियाने प्रवेश नाकारला, तेव्हा ते दोन्ही देशांच्या सीमेवरील कोमारोमच्या पुलावर मध्यापर्यंत चालत गेले आणि तिथूनच परतले.

न्यायाधीश म्हणून ते अधिक मोठे होते, हे मात्र मान्य करतो. शिवाय हंगेरीत राष्ट्राध्यक्षाचे अधिकार मोजकेच. विधेयक संसदेकडे परत पाठवणे किंवा घटना न्यायालयाकडे धाडणे हे काम अशा माणसाच्या हातचेच होते. पंतप्रधानपद त्यांना झेपले असते, असे मी म्हणणार नाही.

२०१० मध्ये सत्ताधारी फिदेस पक्षाने त्यांना दुसरी संधी न देता पाल श्मित यांना निवडले आणि डॉक्टरेटच्या प्रबंधातील वाङ्मयचौर्य उघडकीस आल्यामुळे श्मित यांना २०१२ मध्ये पायउतार व्हावे लागले. हे उत्तर माझ्या त्या परीक्षकांच्या वाचनात आलेच, तर श्मित यांच्या प्रबंधातली किती पाने त्यांच्या परीक्षकांनी पेन्सिल हातात घेऊन वाचली असतील, एवढे त्यांनी सांगावे.