वाचकांचे प्रश्न : टेबलावरचा ट्रायपॉड

प्रश्न : मी घरून मोत्यांच्या नथी आणि तन्मणी विकते. फोटो स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खिडकीच्या उजेडात काढते. कॅमेरा कॅननचा १५००डी, लेन्स १०० मिमी एल मॅक्रो. ‘पाच किलो पेलतो’ असं खोक्यावर छापलेला छोटा ट्रायपॉड घेतला, पण कॅमेरा खाली वळवला की तो पुढे लवंडतो. धरून ठेवला, घट्ट पिळला, तरी फ्रेम हळूच खाली उतरते. कोणता ट्रायपॉड घेऊ? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : खोक्यावरचा आकडा तुमच्या कामाचा नाही. वजन डोक्यावर सरळ ठेवलं तर पाय मोडत नाहीत, एवढंच तो साधारणपणे सांगतो. तुमचं वजन सरळ नाही, पुढे आलेलं आहे.

बॅटरीसकट बॉडी ४७५ ग्रॅम आणि लेन्स ६२५ ग्रॅम, म्हणजे लेन्सच जड. तिचं वजन कॅमेरा बसवायच्या स्क्रूच्या सुमारे ८ सेंटिमीटर पुढे पडतं. दोन्ही मिळून तोल स्क्रूच्या साडेचार सेंटिमीटर पुढे येतो. हे कॅमेरा सपाट असताना. नथीकडे ४५ अंशांत वाकवला की गोळ्याच्या (बॉल हेडच्या, म्हणजे कॅमेरा हवा तसा वळवणाऱ्या वरच्या भागाच्या) वर असलेला सगळा भारही पुढे झुकतो आणि तोल मध्यापासून जवळजवळ ८ सेंटिमीटरवर जातो.

आता पाय मोजा. तीन पायांची टोकं मध्यापासून १० सेंटिमीटरवर असतील तर पायाच्या दिशेने तुम्हाला १० सेंटिमीटर आधार आहे, पण दोन पायांच्या मधल्या दिशेने फक्त ५. समभुज त्रिकोणात हे अंतर नेमकं निम्मं होतं. लेन्स दोन पायांच्या मधोमध ठेवली तर ८ सेंटिमीटरवरचा तोल बाहेर पडणारच. तोच ट्रायपॉड फिरवून एक पाय बरोबर लेन्सच्या खाली आणा, तो उभा राहील. हे आजच करून बघा, खर्च शून्य.

नवा घेताना पाय उघडून टोकापासून मध्यापर्यंत पट्टी लावा. तुमच्या लेन्सला १६ सेंटिमीटर तरी हवेत. १२ वर भागेल, पण दर वेळी पायाची दिशा सांभाळावी लागेल. उंचीच्या मागे लागू नका. मधली दांडी वर येणारा प्रकार तर टाळाच, दांडी जितकी वर तितकी थरथर जास्त.

दुसरी तक्रार, फ्रेम खाली उतरण्याची, या गोळ्याची. गोळा घर्षणावर धरतो आणि लहान गोळ्याला ती पकड कमी मिळते. स्वस्त छोट्या ट्रायपॉडवर बऱ्याचदा बोराएवढा गोळा असतो. २८ मिलिमीटरच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा बघा, आणि हेड सुटं निघणारं घ्या म्हणजे पुढे बदलता येईल. दुकानात स्वतःचा कॅमेरा आणि हीच लेन्स घेऊन जा. लेन्स समोरच्या एखाद्या अक्षरावर रोखा, घट्ट करा, हात काढा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, १० पट मोठं करून मिनिटभर बघत राहा. अक्षर वर सरकताना दिसलं तर लेन्स खाली उतरतेय, ते हेड परत द्या. मग बॉडीला बोटाने हलकी टिचकी मारा. चित्र दोन सेकंदांत शांत झालं पाहिजे. सगळे टेबलावर ठेवून वरून दाबून बघतात. ती परीक्षा नव्हे, वरून दाबल्यावर जवळपास सगळेच टिकतात.

या लेन्सला बसणारी कॉलर, म्हणजे लेन्सभोवतीची कडी, वेगळी मिळते. ती लावली की पकड बॉडीऐवजी लेन्सवर येते, तोल स्क्रूच्या जवळ येतो आणि तुमच्या दोन्ही तक्रारी एकदमच कमी होतात. नव्या ट्रायपॉडआधी आम्ही हिचाच विचार करू.

गोळा सरकतो म्हणून त्याला तेल किंवा ग्रीस लावू नका, होती ती पकडही जाईल. कोरड्या सुती कापडाने पुसा, बस.

आणि ओट्याबद्दल. ग्रॅनाइट भक्कम असतो, पण त्याच ओट्यावर मिक्सर चालू असेल तर फोटो काढू नका. पंखाही बंद करा, कारण लोंबणारा मोती वाऱ्याने हलतो आणि दोष ट्रायपॉडवर येतो. लेन्समधलं स्टॅबिलायझर बंद, टायमर दोन सेकंदांचा, आणि फोटो लाइव्ह व्ह्यूमधून. त्यात कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर असतो, त्यामुळे त्याचा धक्का बसत नाही. १/१५ ते १ सेकंद या शटरला हा धक्का सर्वांत जास्त दिसतो आणि खिडकीच्या उजेडात तुम्ही बहुधा तिथेच असाल.

प्रश्न : वाकणाऱ्या पायांचा, मण्यामण्यांचा ट्रायपॉड आहे. दोन वर्षांत पाय ढिले पडले. पाताळेश्वर लेण्यात अंधाऱ्या गाभाऱ्याचे फोटो काढायचे आहेत. दुरुस्त होईल का? — एक वाचक, शिवाजीनगर

उत्तर : मणी निखळला असेल तर जोरात दाबून बसतो. झिजला असेल तर उपाय नाही; प्लास्टिकच्या खोबणीत मणी घासून त्याची पकड गेलेली असते. तोवर पाय बाकदार न ठेवता ताणून सरळ, रुंद पसरा. रेलिंगला गुंडाळून दोन-चार सेकंदांचं शटर देऊ नका, तेवढ्या वेळात पाय केसभर खाली येतात आणि फोटो दुहेरी दिसतो.

लेण्याच्या ओबडधोबड कातळावर खरं तर कापडी पिशवी बरी. एक किलो मटकी किंवा राजमा भरा, पण गच्च नको, तीन चतुर्थांशच, म्हणजे लेन्स तिच्यात रुतून बसते. पाताळेश्वर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. ट्रायपॉड लावण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यांकडे परवानगीची चौकशी करा.

पिशवीही नको असेल तर छोट्या ट्रायपॉडचे तिन्ही पाय भिंतीला टेकवून कॅमेरा त्यावर रेटून धरा. मोठ्या ट्रायपॉडला हे जमत नाही.

प्रश्न : उभा फोटो काढताना कॅमेरा ट्रायपॉडच्या प्लेटवर (कॅमेऱ्याखाली स्क्रूने बसणाऱ्या पट्टीवर) आपोआप फिरतो. शिवाय नव्या हेडचं भोक माझ्या जुन्या ट्रायपॉडच्या स्क्रूपेक्षा मोठं आहे. — एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : कॅमेऱ्याखालचा स्क्रू दोन सुती, म्हणजे १/४ इंच, इंचाला २० आटे. हेड आणि पाय यांच्यामधला बऱ्याचदा तीन सुती, ३/८ इंच, १६ आटे. त्यांना जोडणारं छोटं पितळी किंवा स्टीलचं बुश मिळतं, ते घाला. टेफ्लॉन टेप गुंडाळून भागवू नका.

कॅमेरा फिरतो कारण उभा केल्यावर लेन्सचं वजन स्क्रूला उलटं पिळतं. उलट्या बाजूने उभा करून बघा, तेच वजन स्क्रू आवळेल. नाण्याने आवळण्याऐवजी ॲलन कीने, म्हणजे षट्कोनी चावीने, आवळा. ती बोहरी आळीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, प्लेट बरोबर न्या. प्लेटचं रबर चिकट, मऊ झालं असेल तर कितीही आवळा, कॅमेरा सरकणारच. कडक, पातळ रबराची किंवा मागे ओठ असलेली प्लेट घ्या. आणि उभ्या फोटोत कॅमेरा ज्या बाजूला लोंबतो, त्या बाजूला एक पाय हवाच.