‘सॉफ्ट’ फोटोला मराठीत काय म्हणावे?

सोलापूरच्या एका वाचकाने विचारले आहे : काकांच्या जुन्या कॅमेऱ्याची ५० मिमी, एफ १.४ लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावून गड्ड्याच्या जत्रेत रात्री फोटो काढले. पाळण्याचे दिवे दुधात बुडवल्यासारखे आलेत आणि काळोखही काळा राहिलेला नाही. मित्र ‘सॉफ्ट’ म्हणतात. मराठीत ‘धूसर’ चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. धूसर म्हणजे मुळात धुळीच्या रंगाचे. ‘धूलिधूसर’ आपण म्हणतोच. मधे धूळ, धुके किंवा फार अंतर आले की वस्तू धूसर दिसते. अंधुक म्हटले की उजेड तरी कमी किंवा नजर तरी अधू. पुसट म्हणजे रेघच पुसत आलेली, जुन्या पोस्टकार्डावरच्या शाईसारखी. तुमच्या फोटोतली रेघ मात्र जागेवर आहे. एखादा दिवा मोठा करून बघा : आत बल्बची कड रेखीव, आणि तिच्याभोवती उजेड सांडलेला.

याला मराठीत फार नेमका शब्द आहे, खळे. चंद्राला खळे पडते, तेच. (धान्य मळायचे खळेही गोलच.) आकाशातल्या खळ्याचे कारण निराळे, पण दिसणे तेच : चंद्राची कड शाबूत आणि भोवती उजेडाचे कडे. लेन्समध्ये ते का पडते? एफपुढचा आकडा म्हणजे लेन्सच्या मिमीला कितीने भागायचे तो भाजक, म्हणून एफ १.४ ला ५० मिमीच्या लेन्सचे तोंड सुमारे ३६ मिमी उघडे असते. जुन्या लेन्सच्या गोलाकार भिंगांत कडेने आलेले किरण आणि मधून आलेले किरण एका ठिकाणी मिळत नाहीत. मधले चित्र रेखतात, कडेचे त्यावर पसरतात. एफ ४ केले की तोंड साडेबारा मिमीवर येते, कडेचे किरण अडतात आणि खळे जाते. जाता जाता, ‘फास्ट लेन्स’ला ‘वेगवान भिंग’ नको. तोंड मोठे म्हणून शटर लवकर मिटवता येते, एवढाच त्याचा अर्थ. ‘मोठ्या तोंडाची लेन्स’ म्हटले तर कुणालाही कळेल.

काळोख काळा न राहणे ही दुसरीच गोष्ट, आणि तिचा शब्द तर सोलापुरात रोज कानावर पडतो : उठाव. मी मध्यंतरी अशाच एका जुन्या लेन्सने गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या मरून चादरीचा फोटो काढला, मागून ऊन येत होते. आयुष्यभर मागावर काम केलेल्या शेजारच्या काकांनी बघून म्हटले, “डिझाइन उठलंच नाही की हो.” कॉन्ट्रास्टची, म्हणजे उजेड आणि सावलीतल्या फरकाची, याहून चांगली मराठी मला माहीत नाही. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. सहासात भिंगांच्या लेन्समध्ये अशी दहाबारा पृष्ठे असतात. तो उजेड आतल्या आत फिरून सावल्यांवर पसरतो. १९३५ मध्ये जर्मनीच्या त्साइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी यावर पातळ लेपाचा उपाय काढला, आणि १९७० नंतर अनेक थरांचे लेप रुळले. त्याआधीच्या लेन्सला समोरून दिवा लागला की उठाव जातो.

दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत, कारण इलाजही वेगळे आहेत. गेलेला उठाव संगणकावर बराचसा परत आणता येतो, खळे तसे पुसता येत नाही. एक सावधगिरी मात्र घ्या : बाजारात ‘उठाव’ म्हणजे मागणी. चादरीच्या दुकानात “या मालाला उठाव नाही” म्हटले तर माल पडून आहे असाच अर्थ होईल. म्हणून ‘नक्षीला उठाव’, ‘फोटोला उठाव’ असे स्पष्ट लिहावे.

आणि एकूण फोटोलाच विशेषण हवे असेल तर ‘मवाळ’. मऊ आणि मवाळ एकाच घरातले, पण मऊ हाताला लागते. मवाळ स्वभाव असतो, बोलणे असते. तुमच्या फोटोखाली मी लिहिले असते : “गड्डा, रात्री. जुनी लेन्स पूर्ण उघडी. दिव्यांना खळी पडली आहेत, सावल्यांना उठाव कमी, फोटो मवाळ.”