म्युलर म्हणजे गिरणीवाला, मग मोक्षमूलर कोण?

प्रश्न असा आला आहे: "माझी मुलगी श्टुटगार्टला नोकरी करते. तिच्या विभागात अकरा माणसे, त्यांतले तिघे म्युलर, आणि तिघांचे एकमेकांशी काडीचे नाते नाही. पुण्यात मॅक्स म्युलर भवनाची पाटी पाहून मला नेहमी वाटे की हे एखादे भारदस्त, पंडिती आडनाव असणार. आमचे आजोबा तर 'मोक्षमूलर' म्हणत. या आडनावाचा अर्थ काय? ते इतके बोकाळले कसे? आणि मराठीत लिहायचे काय, म्युलर, म्यूलर की मुल्लर?"

भारदस्तपणाचा फुगा आधीच फोडतो. म्युलर म्हणजे गिरणीवाला. दळण दळून देणारा. जर्मनीत हेच आडनाव पहिल्या क्रमांकाचे आहे, साधारण शंभर माणसांमागे एक म्युलर निघतो. स्वित्झर्लंडच्या यादीतही तेच सर्वांत वर. ऑस्ट्रियात मात्र पहिला मान ग्रुबरकडे जातो. तुमच्या मुलीच्या विभागात अकरांत तिघे म्हणजे जरा जास्तच झाले, पण जर्मन माणूस याने दचकणार नाही.

शब्दाची वाट अशी. लॅटिनमध्ये दळणे म्हणजे 'मोलेरे', जात्याचा दगड 'मोला', गिरणी 'मोलिना', आणि गिरणी चालवणारा 'मोलिनारिउस'. हा शब्द जर्मनांनी उचलला, जुन्या जर्मनमध्ये तो 'मुलिनारी' झाला, मग 'म्युलनर' आणि शेवटी म्युलर. यातली दोन वळणे मराठी वाचकाला ओळखीची वाटतील. पहिले, 'मु'चा 'म्यु' झाला तो पुढच्या 'लि'तल्या इकारामुळे. जीभ पुढच्या स्वराची तयारी आधीच करू लागते आणि मागचा स्वर त्याच्याकडे ओढला जातो. दुसरे, 'ल्न'चा 'ल्ल' झाला. आपल्याकडे प्राकृतात 'धर्म'चा 'धम्म' आणि 'अग्नि'चा 'अग्गि' झाला, त्याच जातीचा हा आळस. पूर्वेकडे आणि ऑस्ट्रियाच्या बाजूला 'म्युलनर' हे जुने रूप आडनाव म्हणून अजून टिकून आहे.

आता एक प्रश्न पडायला हवा. दळणे ही काही रोमन लोकांनी शोधलेली गोष्ट नव्हे. मग जर्मनांना गिरणीवाल्यासाठी उसना शब्द का लागला? 'मालन' म्हणजे दळणे, 'मेल' म्हणजे पीठ, हे त्यांचे घरचे शब्द होतेच, आणि ते लॅटिन 'मोलेरे'चे दूरचे भाऊबंद आहेत. जात्यासाठीही त्यांचा स्वतःचा शब्द होता, 'क्विर्न'. हा शब्द ऋग्वेदातल्या 'ग्रावन्'चा, म्हणजे सोम कुटण्याच्या दगडाचा, सख्खा नातेवाईक. पण क्विर्न हाताने फिरवायचे. रोमन लोक आणखी एक गोष्ट घेऊन आले, पाण्यावर फिरणारी गिरणी. वस्तू नवी म्हणून नावही तिच्याबरोबर आले. जात्याचा शब्द घरचा आणि गिरणीचा परका राहिला. पुढे गिरण्या वाढल्या आणि जाते मागे पडले, तसा क्विर्नही बोलण्यातून गेला.

आडनाव बोकाळले कसे, हा तुमचा खरा प्रश्न. त्याचे उत्तर वरवर उलटे वाटेल: गावात गिरणीवाला एकच असे म्हणून.

बाराव्या शतकापासून जर्मन शहरांत आडनावे लागू लागली, मग हळूहळू खेड्यांत. गावात योहान्नेस नावाचे पाच जण असतील तर कोणता योहान्नेस हे सांगायला काहीतरी जोडावे लागते. 'शेतकरी' म्हणून भागणार नाही, कारण पाचही जण शेतकरी. 'गिरणीवाला योहान्नेस' म्हटले की बोट नेमक्या माणसावर जाते. लोहार, शिंपी यांचेही तेच. म्हणून जर्मन आडनावांच्या यादीत वरच्या जागा म्युलर, श्मिट (लोहार), श्नायडर (शिंपी), फिशर (कोळी), वेबर (विणकर) यांनी अडवल्या आहेत. शेतकऱ्यांनी भरलेल्या देशात शेतकरी म्हणजे 'बाउअर' त्यांच्या खाली येतो. प्रत्येक गावात एक याप्रमाणे हजारो गावांत हजारो म्युलर स्वतंत्रपणे तयार झाले. म्हणून त्या तिघांचे नाते नाही. त्यांचा मूळपुरुष एक नाही, धंदा एक आहे.

त्यातही गिरणीवाला नजरेत भरणारा माणूस. गिरणी ओढ्याकाठी, बहुधा वस्तीपासून दूर, आणि मालकी सरदाराची किंवा मठाची. बऱ्याच ठिकाणी रयतेला सक्तीच असे की दळण याच गिरणीत आणायचे. गिरणीवाला मजुरी म्हणून धान्यातला ठरीव वाटा काढून घेई, आणि तो ठरल्यापेक्षा जास्त काढतो हा संशय गावाला कायमचा. या संशयापायी बऱ्याच भागांत त्याचा धंदा हलका मानला जाई, त्याच्या मुलांना कारागिरांच्या संघात घेत नसत. अखेर १५४८ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याच्या फर्मानातच लिहावे लागले की विणकर, मेंढपाळ, गिरणीवाले, वाजंत्री वगैरेंच्या मुलांना संघांनी अडवू नये. १५७७ मध्ये तेच पुन्हा बजावावे लागले, यावरून पहिल्या फर्मानाची किती मातबरी होती ते समजा.

गिरणीपुढच्या रांगेनेही भाषेत आपली खूण ठेवली आहे. 'जो आधी येईल तो आधी दळेल' ही म्हण जर्मन माणूस आजही तिकिटाच्या खिडकीपाशी वापरतो. ती मुळात म्हण नव्हती, कायदा होता. तेराव्या शतकातल्या 'झाक्सनश्पीगल' या कायदेग्रंथात तसे कलम आहे. पिठाच्या गिरणीत डबा ठेवून नंबर लावलेल्या कोणालाही हे कलम समजावून सांगावे लागणार नाही.

मग मराठीत दळणाऱ्याचे आडनाव का रुळले नाही? सोनार, लोहार, सुतार, कुंभार, तेली ही सगळी आडनावे आहेत. तेल गाळणारा आहे आणि पीठ दळणारा नाही, हे विचित्र वाटते. कारण जात्यात आहे. आपल्याकडे दळण घरोघर होत असे. पहाटे उठून बायका दळत, ओव्या म्हणत. जे काम प्रत्येक घरात होते ते कोणाचेच नाव होत नाही, आणि ज्या काळी आडनावे पुरुषांच्या धंद्यावरून पडत होती त्या काळी दळणे हा पुरुषाचा धंदा नव्हताच. पाण्यावरची गिरणी आपल्याला अगदीच ठाऊक नव्हती असेही नाही. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की प्रसिद्ध आहे. पण ती बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या लोकांसाठी दळत असे. गावोगावी ओढ्याकाठी एक पाणचक्की आणि तिच्यात एक चक्कीवाला, असे चित्र इथे कधी नव्हते. (दळवी आठवून कोणी हात वर करण्याआधी सांगतो: दळवीतला 'दळ' सैन्याचा आहे, दळणाचा नाही.)

एका बाबतीत मात्र मराठी 'गिरणी' आणि जर्मन 'म्यूल' बरोबर जुळतात. आपण पिठाची गिरणी म्हणतो, तेलाची म्हणतो आणि गिरणगावातली कापडाचीही गिरणीच. जर्मनमध्येही पाण्याच्या चाकावर जे जे चाले ते सगळे 'म्यूल'. म्हणून लाकूड कापणारा झेगम्युलर, तेल काढणारा ओलम्युलर, कातड्यासाठी साल कुटणारा लोम्युलर आणि बंदुकीची दारू कुटणारा पुल्फरम्युलर. वरच्या गिरणीचा तो ओबरम्युलर, नव्या गिरणीचा नॉयम्युलर. यांतली कित्येक आडनावे आजही घराच्या घंटेशेजारच्या पाटीवर दिसतात.

प्रांताप्रमाणे रूपे बदलतात ती वेगळीच. उत्तरेकडे हॅम्बुर्गच्या बाजूला म्योलर, दक्षिणेत ओठांचा चंबू न करणाऱ्यांच्या तोंडी मिलर. हॉलंडमध्ये मुल्डर, हंगेरीत मोल्नार, इटलीत मोलिनारी. विद्वत्तेचा सोस असलेल्यांनी लॅटिन करून मोलितोर केले. अमेरिकेत गेलेल्या असंख्य म्युलरांचे मिलर झाले, त्यामुळे तिथला प्रत्येक मिलर इंग्रज वंशाचा असेलच असे नाही. काहींनी रोमन लिपीत यु-वर असणारी दोन टिंबे नुसतीच गाळली: क्ष-किरणांनी जनुकांत बदल होतात हे दाखवून १९४६ चे नोबेल मिळवणारे हर्मन मुलर हे अमेरिकन. टिंबांसह नोबेल मिळवणारेही आहेत, डीडीटीचे पाउल म्युलर १९४८ मध्ये आणि लेखिका हेर्टा म्युलर २००९ मध्ये. फुटबॉलवाल्यांना गेर्ड म्युलर ठाऊक असतील, पश्चिम जर्मनीसाठी ६२ सामन्यांत ६८ गोल. पुढे २०१० च्या विश्वचषकात सर्वाधिक गोलांचा मान थोमास म्युलरने मिळवला, आणि त्याच्याही पाठीवर गेर्डचाच १३ क्रमांक होता. दोघे नातेवाईक नाहीत, हे आता सांगायला नको.

नाव इतके सर्रास झाल्यावर त्याचा अर्थच 'कोणीही' असा होतो. जर्मनमध्ये 'लीसशन म्युलर' म्हणजे सर्वसाधारण बाई किंवा माणूस, जिला डोळ्यांपुढे ठेवून मालिका आणि जाहिराती बेतल्या जातात.

आता लेखनाचे. जर्मन उच्चार असा: जीभ 'ई' म्हणण्याच्या तयारीत ठेवा, ओठ 'ऊ'साठी गोल करा, आणि स्वर ऱ्हस्व ठेवा. मराठीत हा स्वर नाही, त्यामुळे कोणतेही लेखन तडजोडच आहे. 'म्यु'मधला 'य' जर्मनमध्ये नाही, पण नुसत्या 'मु'पेक्षा तो जवळ पोचतो. दीर्घ 'म्यू' नको. तो 'म्यूल' या गिरणीच्या शब्दात आहे, आडनावात नाही. 'मुल्लर' तर नकोच. जर्मन लेखनात दोन ल दिसतात ते ल वर आघात देण्यासाठी नाहीत, आधीचा स्वर ऱ्हस्व आहे एवढेच सांगण्यासाठी आहेत. आपण 'पल्ला' म्हणताना ल वर थांबतो तसे कोणी थांबत नाही. शेवटचा 'र'ही जवळजवळ विरतो, पण तो लिहावा. थोडक्यात, म्युलर. रोमन लिपीत यु-वर टिंबे नसली की पुढे 'ई' हे अक्षर लिहितात, तशी भवनाची पाटी आहे. ती चूक नाही. ती दोन टिंबे मुळात वर लिहिलेल्या चिमुकल्या 'ई'चेच अवशेष आहेत.

आणि मोक्षमूलर? आजोबा बरोबर होते. ऋग्वेदाच्या सायणभाष्यासह काढलेल्या आवृत्तीवर (१८४९ ते १८७४, सहा खंड) ऑक्सफर्डमधले जर्मन संस्कृतपंडित मॅक्स म्युलर यांनी स्वतःच आपले नाव संस्कृतात 'मोक्षमूलर' असे लिहिले. जर्मनीचा 'शर्मण्यदेश' आणि ऑक्सफर्डचे 'गोतीर्थ' हीही त्याच टाकसाळीतली नाणी. गोतीर्थ हे चोख भाषांतर आहे, बैल उतरून जातात तो नदीचा उतार. मोक्षमूलर मात्र केवळ ध्वनीचा खेळ. 'मूलर'चा मूळाशी संबंध नाही आणि 'मॅक्स'चा मोक्षाशी तर मुळीच नाही. हे गृहस्थ भारतात कधी आले नाहीत, पण टिळक १८९७ मध्ये तुरुंगात गेले तेव्हा त्यांनी ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती तिथे धाडली, आणि टिळकांच्या सुटकेसाठीच्या अर्जावर सहीही केली.

मॅक्स म्युलरांच्या घराण्यात गिरणी कुठे होती? आजोबा देसाउ गावात शिंपी होते. म्हणजे नावाने म्युलर, धंद्याने श्नायडर. वडील विल्हेल्म म्युलर कवी. बर्लिनमध्ये मित्रमंडळींनी गिरणीवाल्याच्या मुलीवर एक गाण्यांचे नाटुकले रचले तेव्हा गिरणीवाल्याची भूमिका विल्हेल्मकडे आली ती निव्वळ आडनावामुळे. त्यातून पुढे त्यांची 'सुंदर म्युलरिन' ही कवितामाला झाली, आणि १८२३ मध्ये शूबर्टने तिला चाली लावल्या. त्याच वर्षी मॅक्सचा जन्म. यातला '-इन' हा स्त्रीलिंगी प्रत्यय ऐकून कुंभारीण, तेलीण आठवावी. पूर्वी जर्मन आडनावांनाही तो लागे, आपण जोशीणबाई, पाटलीणबाई म्हणतो तसा. शिलरच्या एका नाटकाचे मूळ नाव 'लुईझ मिलरिन' होते, म्हणजे मिलर घरची लुईझ.

'मॅक्स' हे नाव वेबरच्या 'फ्रायशुट्झ' या संगीतिकेतल्या नायकावरून ठेवलेले. संगीतकार वेबर त्यांचे धर्मपिता होते. नुसते म्युलर म्हणून जगात वावरणे म्हणजे गर्दीत हरवणे, हे त्यांनी ओळखले, आणि 'मॅक्स म्युलर' एवढे सगळे आडनाव करून टाकले. त्यांचा मुलगा पुढे ब्रिटिशांच्या परराष्ट्र सेवेत गेला. त्याचे नाव विल्यम ग्रेनफेल, आडनाव मॅक्स म्युलर. मुंबईत मुरकुटे घराण्यातले जगन्नाथ वडिलांच्या नावावरून शंकरशेट झाले, तसेच.