वॉर्निंग गेली, पण चूक तशीच राहिली

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात व्हीटीयू विद्यापीठाच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. क्लँग या कंपायलरने लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बिल्ड करताना एका जुन्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये फंक्शन पॉइंटरचा (फंक्शनचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलचा) टाइप जुळत नसल्याची वॉर्निंग आली. मी कास्ट टाकला, म्हणजे हा टाइप दुसरा समज असं कंपायलरला सांगितलं, वॉर्निंग गेली. पण व्हर्च्युअल मशीनवर पहिलं पॅकेट जाताच ‘सीएफआय फेल्युअर’ येऊन कर्नल थांबला. बाबा उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत. ते म्हणतात, सगळी पोरं वेब शिकतायत, तू हे काय घेऊन बसलीस? माझं इंग्रजीही कच्चं आहे. सोडून देऊ का?

उत्तर: सोडू नकोस. आधी तो कास्ट काढ. फाउंड्रीत ओतलेल्या कास्टिंगला चीर असेल तर बाबा तिच्यावर रंग मारून माल पाठवतील का, हे त्यांनाच विचार. तू केलंस ते तसंच झालं.

पॅकेट पाठवणाऱ्या फंक्शनने नेटडेव्ह_टीएक्स_टी हा एनम (ठरावीक नावं दिलेल्या किमतींचा टाइप) परत करावा, अशी कर्नलची अपेक्षा असते. तुझ्या ड्रायव्हरमध्ये बहुधा तिथे नुसता इंट (साधा पूर्णांक) असेल. जुन्या ड्रायव्हरांत हे बऱ्याच ठिकाणी होतं. दोन्ही चार बाइटचे, म्हणून वर्षानुवर्षं कुणाचं काही अडलं नाही. पण डिसेंबर 2022 च्या 6.1 आवृत्तीपासून कर्नलमध्ये केसीएफआय आहे, तुला दिसलेला ‘सीएफआय फेल्युअर’ याच तपासणीचा. ते चालू केलं की कंपायलर फंक्शनच्या आधी त्याच्या टाइपचा 32 बिटांचा हॅश (टाइपवरून काढलेला ओळखीचा आकडा) ठेवतो आणि पॉइंटरमधून कॉल करण्याआधी तो ताडून पाहतो. हल्लेखोराने पॉइंटर बदलून भलतीकडे उडी मारायला लावली, तर ती इथेच अडते. कास्टने कंपायलर गप्प बसला, पण फंक्शनचा खरा टाइप आणि त्याचा हॅश तोच राहिला. म्हणून फंक्शनचा रिटर्न टाइपच बदल. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ का बदलायची हे समजणारी माणसं कमी, आणि तू त्या वाटेवर आहेस.

बाबांची काळजी रास्त आहे. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या जावा आणि वेबच विचारतात, तेव्हा तेही शीक, आलेली नोकरी नाकारू नकोस. कर्नलचं काम चिप, मोबाइल आणि गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये लागतं. त्या कंपन्या बेंगळुरू-पुण्यात आहेत, आणि बेळगावाहून दोन्हीकडे रात्रीच्या गाडीने जाता येतं. सी पक्कं कर, थोडी असेंब्ली वाचायला लाग.

इंग्रजीचं मनाला लावून घेऊ नकोस. पॅचच्या (कोडमधल्या दुरुस्तीच्या) वर्णनात काय बिघडलं, का बिघडलं आणि काय बदललं एवढंच हवं. चार साधी वाक्यं पुरतात. हाच दोष मुख्य कर्नलच्या ताज्या कोडमध्ये अजून आहे का, ते आधी बघ. असेल तर दुरुस्त करून केसीएफआय चालू ठेवून पुन्हा बूट कर, पॅकेट पाठव. मग पॅच तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालव, गेट_मेंटेनर स्क्रिप्ट सांगेल त्यांना स्वतःच्या नावाने पॅच धाड. उत्तरात चूक दाखवली तर दुसरी आवृत्ती पाठव. बाबांना शनिवारी शेजारी बसवून तो अडलेला कॉल एकदा दाखव.