पक्षी ओळखायला सुरुवात करताय? मग आधी एवढंच करा

स्वागत आहे! पहिलं म्हणजे पक्षी दिसला की लगेच पुस्तक नाहीतर मोबाईल उघडायचा नाही, तो बसलाय तोवर त्याच्याकडेच बघायचं, पुस्तक कुठे पळून जात नाही पक्षी मात्र जातो.

बघायचं काय तर

- साईज. चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, इंच-बिंच नको
- चोच. जाड, बारीक, वाकडी
- करतोय काय. शेपटी हलवतोय, खोडावर चढतोय की जमिनीवर टिपतोय

रंग शेवटी! नवीन लोकं इथेच फसतात कारण उन्हाच्या विरुद्ध बघितलं की सगळंच काळं दिसतं, आणि नर-मादी वेगळे असतात ते वेगळंच. कोकीळ नर काळाकुट्ट, मादी तपकिरी आणि अंगभर पांढरे ठिपके, माहीत नसेल तर दोन वेगळे पक्षी वाटतील.

पावशा (कोकिळेच्या कुळातला) आणि शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) यांचा घोळ तर सगळ्यांचाच होतो, पंखांचा रंग, शेपटीवरचे पट्टे बरेच सारखे. चोच बघा, शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी वाकलेली, पावशाची तशी नाही.

मर्लिन ॲप आवाजावरून नाव सुचवतं, छान आहे, पण पक्षी स्वतः बघितल्याशिवाय यादीत टाकू नका. आणि दुर्मिळ काहीतरी दिसलं असं वाटलं तर आधी नेहमीचाच पक्षी असेल असं धरून चाला, बहुतेक वेळा तोच असतो 😄

वटवटे (एकसारखे दिसणारे छोटे पक्षी) आणि आकाशात उडताना दिसणारे शिकारी पक्षी आत्ता सोडून द्या, त्यात जुने लोकही भांडतात. नाव नाही लागलं तर वहीत सरळ 'माहीत नाही' लिहा आणि पुढे चला.